बादली आण म्हटलं की बाहुली आणतो, कान चांगले आहेत तरी असं का?

सातारकरीण :

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे, इथे त्याला बंड्या म्हणते. सगळे म्हणतात प्रश्न बोलण्याचा आहे पण मला राहून राहून वाटतं की तो ऐकण्याचा आहे, म्हणजे कानाचा नाही, कानाच्या पुढे जे काय होत असेल त्याचा. कान तपासून झालेत. दोन वर्षांचा असताना झोपेचं औषध देऊन बेरा टेस्ट केली, नॉर्मल. मागच्या महिन्यात ईएनटीकडे पडद्यामागे पाणी साठलंय का तेही बघून झालं, नाहीये. डोळ्यात बघतो, बोट दाखवून मागतो, ताईशी भांडतो, लपाछपी खेळतो, दार वाजलं की माझ्या आधी पळतो.

आता किस्सा सांगते. परवा मोरीत कपडे धूत होते, हात साबणाचे, म्हटलं बंड्या बादली आण रे. तो इतक्या उत्साहात पळाला की काय सांगू, आणि ताईची बाहुली घेऊन आला. चेहरा असा की बघ, आणली की नाही लगेच. मला आधी हसू आलं. मग मी म्हटलं अरे बादली, बा-द-ली, तर तो बाहुलीकडे बघतोय, माझ्याकडे बघतोय, परत बाहुलीकडे. तेवढ्यात दाराशी ठेवलेली बादली त्याला दिसली आणि बाहुली तिथेच ओल्यात टाकून बादली उचलून दिली. म्हणजे शब्द त्याला माहीत होता ना? मग आधी का नाही आला?

असं रोज होतं. पाटी म्हटलं की पाण्याची बाटली आणतो. "हात धुऊन ये आणि ताईला जेवायला बोलव" म्हटलं तर हात न धुता ताईला ओढत आणतो. कधीकधी विचारते दूध पाहिजे का, काही उत्तर नाही, मी वळून गॅसकडे जाते आणि मग मागून आवाज येतो "हो". आणि बोलणं दोन-तीन शब्दांचं, ताई गेला, आई पोळी दे, एवढंच.

शाळेत बाई म्हणतात लक्ष नसतं, ऐकायचं नसतं त्याला. सासूबाई वेखंड उगाळून जिभेला लावतात, त्यांचं म्हणणं जीभ जड आहे. नवरा म्हणतो मी पण चार वर्षांनंतरच बोलायला लागलो, काय बिघडलं माझं. (खूप काही बिघडलंय पण तो वेगळा धागा होईल.)

तर विचारायचं असं की हे नक्की काय असतं, मेंदूत शब्द हळू पोचतो का, आणि घरात आपण काय करायचं? कुणाला अनुभव असेल तर प्लीज लिहा.

निवांत_काका :

ताई, उगाच टेन्शन घेताय. आमच्या वेळी घरात सात पोरं, कोण कधी बोललं कुणी लिहून ठेवलं नाही, सगळी बोलली. हल्ली पोरगं जरा वेगळं वागलं की इंग्रजी नावाचा आजार तयारच असतो. मोबाईल बंद करा, चार पोरांत खेळायला सोडा, पाच वर्षांचा झाला की तुम्हीच म्हणाल गप्प बस जरा.

उच्चार :

मी स्पीच थेरपिस्ट आहे, पुण्यात, बारा वर्षं लहान मुलांसोबतच काम करतेय. एका पोस्टवरून निदान करणार नाही, करूही नये. पण तुमचं निरीक्षण इतकं नेमकं आहे की त्याच्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

आधी बेराबद्दल. बेरा एवढंच सांगते की आवाज कानातून निघून मेंदूच्या देठापर्यंत पोचतोय. पुढे त्या आवाजाचं "बादली" होतं की "बाहुली" होतं याच्याशी त्या टेस्टचा काही संबंध नाही. म्हणून कान नॉर्मल आणि तरी शब्द चुकतोय यात विरोध नाही, आणि तुमची "कानाच्या पुढे" ही शंका बरोबर दिशेला आहे.

आता बादलीचं. आपल्याला वाटतं आपण अख्खा शब्द ऐकतो आणि मग ओळखतो. तसं नसतं. शब्द तोंडातून अजून बाहेर पडतोय तोवरच ऐकणाऱ्याच्या डोक्यात शोधाशोध सुरू झालेली असते. "बा" कानावर पडला की बाबा, बाहुली, बादली, बाजार, बाळ सगळे हात वर करून उभे राहतात, पुढचा "द" आला की बाकीच्यांनी खाली बसायचं आणि बादली एकटी उभी राहते. मोठ्या माणसात हे इतकं पटकन होतं की आपल्याला पत्ताच लागत नाही. भाषेचा विकार असलेल्या मुलांमध्ये मला रोज जे दिसतं ते असं की बसायला सांगितलेले बसत नाहीत. त्यात बाहुली घरात दिवसातून वीस वेळा बोलली जाते, त्यावरून ताईशी भांडणं होतात, तिचा हात आधीच सगळ्यात वर असतो. बादलीचं नाव कोण घेतंय मोरीशिवाय?

आणि बघा, बादली डोळ्याला दिसल्याबरोबर त्याचं काम झालं. शब्द होता, ठसा जरा पुसट होता. क्लिनिकमध्ये मी कप, कपडा, कपाट ही तीन चित्रं मांडते. तिन्ही शब्द येणारं पोर सुद्धा "कपाट" म्हटल्यावर कपावर बोट ठेवतं आणि मग हळूच सरकवतं. त्या सरकवण्यावरून मला बरंच कळतं.

आपल्या मराठीची आणखी एक गंमत आहे, म्हणजे आपल्याला गंमत, या मुलांना शिक्षा. शब्द एका रूपात राहतच नाही. पाऊस म्हणून शिकवला आणि लगेच म्हणालो पावसात जाऊ नको. देऊळ म्हणालो आणि देवळात गेलो. मासा, माशाला. घोडा, घोड्यावर. ज्याचा मूळ ठसाच पुसट आहे त्याने पावसात आणि पाऊस एकच हे कधी लावायचं? शिवाय आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी. "ताईच्या दप्तरातला निळा डबा काढून ओट्यावर ठेव" यात काय करायचं ते कळेपर्यंत ताई, दप्तर, निळा, डबा, ओटा सगळं हातात धरून थांबायचं. तुमच्या बंड्याने हात धुणं सोडून ताईला आणलं ना, शेवटी जे ऐकलं ते हातात उरलं, आधीचं सांडलं. मोठ्यांच्या भाषेत हा आगाऊपणा, पण पोर बिचारं मिळालं तेवढं घेऊन पळालेलं असतं.

नावाचं विचारलंत तर, दुसरं काही कारण नसताना, म्हणजे ऐकू येतंय, ऑटिझम नाही, बुद्धीची मोठी अडचण नाही आणि तरी भाषा अडते व अडलेलीच राहते, त्याला आता डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर म्हणतात, डीएलडी. आधी स्पेसिफिक लँग्वेज इम्पेअरमेंट म्हणायचे. २०१७ साली ऑक्सफर्डच्या डोरोथी बिशप आणि इतर अशा ५७ तज्ज्ञांनी मिळून हे नाव ठरवलं. निवांत_काका, हा काही काल निघालेला आजार नाही. इंग्लंडमध्ये सरे परगण्यातल्या चार-पाच वर्षांच्या मुलांवर मोठा अभ्यास झाला, २०१६ साली छापून आला, त्यात साधारण साडेसात टक्के मुलांना अशी अडचण निघाली. तीस मुलांचा वर्ग धरा, त्यात दोन. तुमच्याही वर्गात होती, त्यांना तेव्हा ढ म्हणायचे.

आणि ताई, नवरा उशिरा बोलला ही माहिती तपासणीच्या वेळी जरूर सांगा. सगळे ते दिलासा म्हणून सांगतात, आम्ही मात्र ते जोखमीच्या रकान्यात लिहितो, कारण हे घराण्यात चालतं. वेखंडाने भाषा येत नाही. सासूबाईंना दुखवू नका, पण ते जिभेवर लावणं थांबवा.

घरात काय करायचं ते सवडीने लिहिते, आता पेशंट आलाय.

सातारकरीण :

उच्चारताई, वाचताना डोळ्यात पाणी आलं खरंच. "मिळालं तेवढं घेऊन पळालं" हे वाक्य मी नवऱ्याला वाचून दाखवलं, तो गप्प बसला. परवा त्याच कारणावरून मी त्याला एक फटका दिला होता, बंड्याला, आता तेच डोळ्यासमोर येतंय.

एक शंका. तो मुद्दाम उशिरा "हो" म्हणतो का? म्हणजे ती दुधाची गोष्ट.

खिडकीपाशी :

मी थेरपिस्ट नाही, भाषाविज्ञानात पीएचडी अर्धवट सोडलेला माणूस आहे, पण दीड वर्ष अशा प्रयोगांमध्ये मदतनीस होतो म्हणून थोडी भर घालतो. लांबेल, सॉरी.

हे सगळं कसं मोजतात ते भारी आहे. दोन वर्षांच्या पोराला "शब्द कळला का" असं विचारता येत नाही, म्हणून डोळे बघतात. पोर आईच्या मांडीवर, समोर स्क्रीनवर दोन चित्रं, समजा बॉल आणि कुत्रा, स्पीकरमधून आवाज येतो "बॉल कुठंय". कॅमेरा डोळ्यांवर. पोर कुत्र्याकडे बघत असताना शब्द सुरू झाला तर नजर बॉलकडे वळायला किती वेळ लागला ते एकेक फ्रेम बघून मोजायचं. आईला काळा चष्मा घालायला देतात कारण तिला चित्रं दिसली की ती नकळत त्या बाजूला झुकते आणि पोर आईवरून उत्तर ओळखतं. एक आजी आल्या होत्या नातवाला घेऊन, त्या चष्मा घालूनही दर वेळी "बघ बघ बॉल" म्हणायच्या, तो अख्खा दिवस फुकट गेला.

स्टॅनफर्डच्या ॲन फर्नाल्ड यांचं यावर फार काम आहे. त्यांच्या १९९८ च्या अभ्यासात १५ महिन्यांच्या बाळांना नजर वळवायला साधारण एक सेकंद लागायचा आणि २४ महिन्यांच्या मुलांना पाऊण सेकंदाच्या आतच. म्हणजे दोन वर्षांचं पोर शब्द पुरा व्हायच्या आधीच निघालेलं असतं. त्यांनीच पुढे, २०१२ साली, उशिरा बोलणारी दीड वर्षांची मुलं बघितली. बोलणं सगळ्यांचंच कमी, पण ज्यांची नजर शब्दाला पटकन वळायची त्यांच्यातली जास्त मुलं अडीच वर्षांपर्यंत इतरांच्या बरोबरीला आली. म्हणून काका म्हणतात ते पूर्ण खोटं नाहीये, बरीच उशिरा बोलणारी मुलं खरंच पुढे निघतात. पण कोण निघेल हे नुसतं बोलणं मोजून कळत नाही, समजण्याचा वेगही बघावा लागतो. आणि ताईंच्या पोस्टमध्ये अडचण समजण्याचीच आहे, शिवाय मुलगा दीड वर्षांचा नाही, सव्वाचारचा आहे. "थांबा, बोलेल" हे इथे मला तरी पटत नाही.

उच्चार यांच्या म्हणण्यात एक बारीक भर, राग मानू नका. ताईंनी विचारलं तसं, मेंदूत शब्द "हळू पोचतो" असं सगळे सरसकट म्हणतात पण ते तितकं सरळ नाही. आयोवा विद्यापीठात बॉब मॅकमरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली भाषेची अडचण असलेल्या किशोरवयीन मुलांचे डोळे बघितले, चार चित्रं समोर, त्यातली दोन सारख्या सुरुवातीची. सुरुवातीला ही मुलं इतरांसारखीच चालली, तेवढ्याच लवकर सारख्या शब्दांकडे वळली. फरक पडला शेवटी. इतर मुलं बरोबर चित्रावर स्थिर झाली, यांची नजर मात्र चुकीच्या चित्राकडेही रेंगाळत राहिली. म्हणजे सुरुवातच उशिरा होते असं नाही, निकाल पक्का होत नाही. तुमचं ते "बसायला सांगितलेले बसत नाहीत" हे याला एकदम चपखल बसतं. अर्थात ती मुलं मोठी होती, बंड्याला जसंच्या तसं लागू करू नका.

आणखी एक प्रयोग मला आवडतो. शब्द तुकड्यातुकड्याने ऐकवायचा, आधी इवलासा, मग थोडा जास्त, आणि कुठे ओळखतो ते बघायचं. क्रिस्टीन डोलाघन यांनी १९९८ साली केला. ओळखीचे शब्द या मुलांनी इतरांइतक्याच तुकड्यावर ओळखले, पण नुकतेच शिकलेले शब्द ओळखायला त्यांना जास्त मोठा तुकडा लागला. यावरून मला वाटतं की सगळा दोष वेगाचा नसावा, शब्द किती मुरलाय हाही प्रश्न आहे. मुरायलाच यांना जास्त वेळ लागतो.

दुधाच्या "हो" बद्दल उच्चारच सांगतील.

उच्चार :

राग कसला, बरोबर आहे तुमचं, मी पेशंटच्या गडबडीत सोपं करून लिहिलं.

दुधाचं "हो" मुद्दाम नाही हो ताई. प्रश्न ऐकणं, त्याचा अर्थ लावणं, उत्तर ठरवणं, ते तोंडाने जुळवणं, एवढी चार दुकानं फिरून तो "हो" येतो. आणि आपण काय करतो, एक सेकंद थांबतो आणि परत विचारतो, तेही वेगळ्या शब्दांत. "दूध पाहिजे का? पिणार का रे? देऊ का कपात?" म्हणजे तो पहिल्या दुकानातून निघाला होता त्याला परत दारात आणून उभं केलं, वर दोन नवीन प्रश्न हातात दिले. विचारा आणि गप्प राहा. मनात पाच, सहा, सातपर्यंत मोजा. आयांना हेच सगळ्यात जड जातं, मी स्वतः माझ्या पोराबरोबर करू शकत नाही. परत सांगायचंच झालं तर तेच शब्द, त्याच क्रमाने.

आधी नाव घ्या, त्याने बघितलं की मग शब्द. मिक्सर, कुकरची शिट्टी, टीव्ही चालू असताना सांगू नका, गोंगाटात या मुलांची व्यंजनं इतरांपेक्षा जास्त हरवतात आणि द गेला की बादलीची बाहुली व्हायला काय लागतं. तुम्ही मोरीतून ओरडलात म्हणालात ना, नळ चालू होता का?

नवीन शब्दासाठी तक्ते, फ्लॅशकार्ड नकोत, एकच शब्द दिवसभर खऱ्या कामात यायला हवा. आज "पिळ" धरलात तर फडकं पिळ, लिंबू पिळ, बाबांचा कान पिळ. शेली ग्रे यांचा २००३ चा प्रीस्कूल मुलांचा अभ्यास आहे, त्यात भाषेची अडचण असलेल्या मुलांना नवा शब्द इतरांच्या जवळजवळ दुप्पट वेळा ऐकवावा लागला आणि म्हणून घेण्याची संधीही तेवढीच जास्त द्यावी लागली. म्हणून दोनदा सांगूनही येत नाही म्हणून वैतागू नका, त्याचा हिशोबच वेगळा आहे. फक्त त्याच्याकडून "म्हण, म्हण ना" करून घेऊ नका, पाहुण्यांसमोर तर अजिबात नाही.

तपासणी मात्र कराच. चार पूर्ण झालेत, आता थांबण्यात फायदा नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, डीईआयसी म्हणतात, तिथे पैसे लागत नाहीत. मुंबईला जाणं जमत असेल तर वांद्र्याला अली यावर जंग इन्स्टिट्यूट आहे, नायर हॉस्पिटलमध्येही वाचा-श्रवणाचा विभाग जुना आहे. खाजगी कुणी असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते विचारा, न लाजता विचारा, हल्ली गल्लोगल्ली बोर्ड लागलेत.

बालवाडीची_बाई :

मी शाळेच्या बाजूने लिहिते कारण "लक्ष नसतं" हे वाक्य मी पण शंभरदा म्हटलंय. आमच्या वर्गात ३५ पोरं, दोन पंखे त्यातला एक घरघर करणारा, बाहेर रिक्षा. अशात "सगळ्यांनी डबे काढा, हात जोडा" म्हटलं की असं एखादं पोर इकडेतिकडे बघतं, शेजारच्याने डबा काढला की हा काढतो. आम्हाला वाटतं कळलं. त्याला कळलं नसतं, त्याने शेजारचा बघून केलेलं असतं आणि ती त्याची हुशारीच आहे म्हणा. मग एकट्याला उभं करून "जा, ऑफिसमधून खडूचा डबा आण" म्हटलं की गडबडतो, आणि मग आम्ही म्हणतो बघा, मघाशी बरोबर कळत होतं, आता नाटक करतोय.

मी आता एवढंच करते की अशा मुलाला पुढे बसवते, पंख्यापासून लांब, आणि सूचना देताना हातात वस्तू धरते. डबा म्हणताना डबा. ताई, शाळेत जाऊन भांडू नका, बाईंना हे मोरीतलं उदाहरण सांगा, मला कुणी सांगितलं असतं तर माझ्या डोक्यात लगेच बसलं असतं.

आयटीवाला_बाबा :

यावर ब्रेन ट्रेनिंगचे गेम मिळतात ना, आवाज ताणून हळू ऐकवतात आणि मग हळूहळू वेग वाढवतात. ऑफिसमधल्या एकाने मुलासाठी सबस्क्रिप्शन घेतलंय, बरेच पैसे भरले. कुणी वापरलंय का?

उच्चार :

त्याची गोष्ट थोडी जुनी आहे. पॉला टॅलल यांचं म्हणणं होतं की या मुलांना झपाझप बदलणारे आवाज पकडता येत नाहीत, ब आणि द मधला फरक काही मिलिसेकंदात असतो तो निसटतो, त्यावरून १९९६ साली असे गेम निघाले आणि सुरुवातीला खूप गाजले. मग अमेरिकेत २१६ मुलांवर चाचणी झाली, २००८ मध्ये निकाल आला. मुलांचे चार गट केले होते, आवाज ताणणारा गेम, दुसरा भाषेचा गेम, समोर बसून थेरपी, आणि नुसते गणित-भूगोलाचे कॉम्प्युटर गेम. चारही गटांची भाषा सारखीच सुधारली. म्हणजे त्या ताणलेल्या आवाजात खास असं काही निघालं नाही. मित्राला सांगा, पैसे भरलेच असतील तर निदान शेजारी बसून गप्पा मारत खेळ म्हणावं पोराबरोबर.

स्लाऊकर :

इंग्लंडहून लिहितोय. माझा मुलगा नऊचा आहे, पाचव्या वर्षी डीएलडी सांगितलं. एकच गोष्ट लिहायची आहे, ती लिहितो. मुलगा तीन वर्षांचा असताना आम्हाला ओळखीतल्या एकांनी, शिकलेल्या माणसाने बरं का, सांगितलं की दोन भाषांनी पोर गोंधळतंय, घरात मराठी बंद करा. आम्ही केली. बायकोचं इंग्रजी ऑफिसपुरतं, माझं बरं, पण पोराला झोपवताना बोलायचं इंग्रजी आमच्याकडे नव्हतंच. दोन वर्षं आम्ही घरात तुटक तुटक बोलत होतो. त्याचं इंग्रजी काही धावलं नाही. आणि माझी आई व्हिडिओ कॉलवर नुसती हात हलवायची, कारण त्याला तिचं काही कळेना.

शेवटी इथल्या थेरपिस्टने विचारलं घरात काय बोलता, आणि ऐकून डोक्याला हात लावला. म्हणाली अडचण असते ती दोन्ही भाषांत दिसते, दुसरी भाषा काढून घेतली की पहिली सुधारते असं होत नाही, तुम्ही ज्या भाषेत पोराशी खेळता ती बोला. मग आम्ही परत मराठीवर आलो. सुरुवातीला तो चिडायचा. आता आजीला "जेवलीस का" विचारतो, लिंगाची गडबड करतो, आजी जेवला का म्हणतो, आईला त्याचं काही वाटत नाही.

शाळेत वर्कशीटवर चित्रं देतात, सूचना एका वेळी एकच देतात. मोठा फरक पडतो असं नाही म्हणणार, पण रडून घरी येणं कमी झालंय.

सातारकरीण :

सगळ्यांना धन्यवाद, एकेक उत्तर दोनदा वाचलं. हो उच्चारताई, नळ चालू होता आणि मी पाठमोरी होते.

इंग्लिश मीडियममध्ये घालायचं घाटत होतं जूनपासून, ते तूर्त बाजूला ठेवलंय, म्हणजे निदान तपासणी होईपर्यंत. जाऊन आले की लिहिते.

सातारकरीण :

तीन आठवड्यांनी लिहितेय. सिव्हिलला जाऊन आलो. दोन तास खेळवलं, चित्रं दाखवली, खोटेखोटे शब्द म्हणून घेतले, "टिपाको" वगैरे, दोन अक्षरांचे म्हणाला, तीन अक्षरांचे की अडखळला. मॅडम म्हणाल्या भाषेची अडचण नक्की आहे, समजण्याची आणि बोलण्याची दोन्ही, पण डीएलडी असं पक्कं लिहायला पाच पूर्ण होऊ देत, मधे आठवड्यातून एकदा या. नवऱ्याने स्वतःहून सांगितलं मी उशिरा बोललो, आणि हेही की अजून फोनवर कुणी पटपट पत्ता सांगितला की त्याला लिहून घ्यावा लागतो. लग्नाला नऊ वर्षं झाली, मला हे पहिल्यांदाच कळतंय.

घरातला बदल म्हणजे मी मोजते. सातपर्यंत मोजणं किती अवघड आहे बाई, चारला तोंड उघडतंच. वेखंड बंद नाही झालं, सासूबाई आता कपाळाला लावतात, ते मी चालवून घेतलंय.

काल रविवार म्हणून परत धुणं काढलं. नळ बंद केला, दारात आले, हाक मारली, त्याने बघितलं, मग म्हटलं बादली आण. आणि गप्प. तो खोलीत गेला, बराच वेळ आलाच नाही, मी बारापर्यंत पोचले असेन. आतून ताईचा आरडाओरडा सुरू झाला. आणि बंड्या आला, बादली ओढत ओढत, आणि आत बाहुली बसवलेली.

बालवाडीची_बाई :

ठार! दोन्ही घेऊन आला म्हणजे काम फत्ते.

खिडकीपाशी :

याच्या नजरेचा ग्राफ काढला असता तर बादली आणि बाहुली, दोन्हींच्या रेषा वरच राहिल्या असत्या.

निवांत_काका :

उच्चार मॅडम, मी वर जरा फटकळ लिहिलं होतं, ते सोडून द्या. नातवाबद्दल विचारायचं होतं, मुलगी काही बोलत नाही पण मला दिसतंय. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू का?

उच्चार :

करा ना काका. त्याचं वय लिहा आणि तो काय सांगितल्यावर काय आणतो ते लिहा.